१०० मीटरला झिरो पक्का, ४०० ला गोळ्या खाली आणि उजवीकडे: स्कोपमध्ये नेमकं काय चुकतंय?

रानवाटा

नमस्कार मंडळी.

तीन आठवडे झाले, एक कोडं सुटत नाहीये. आधी सगळी माहिती देतो, म्हणजे तुम्हाला विचारत बसावं लागणार नाही.

रायफल ३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी ५१ सें.मी., आतला पीळ उजवा. स्कोप (नेमाची दुर्बीण) ४ ते १६ पटींचा, रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) मिलमध्ये (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग), टरेटचा (नेम सरकवायच्या नॉबचा) एक क्लिक ०.१ मिलचा. गोळी १७५ ग्रेन वजनाची, मॅच (स्पर्धेच्या) प्रकारची. पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी. झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी स्कोपची जुळवणी, १०० मीटरला. तिथे पाच गोळ्या साधारण ३ सें.मी.च्या वर्तुळात बसतात आणि वर्तुळ नेमावरच असतं.

४०० मीटरसाठी मोबाइलमधलं बॅलिस्टिक अ‍ॅप २.८ मिल सांगतं. तेवढे २८ क्लिक फिरवतो. गोळ्या एकमेकींजवळच पडतात, पण सगळा घोळका नेमाच्या १४-१५ सें.मी. खाली आणि ११-१२ सें.मी. उजवीकडे. तीन वेगवेगळ्या दिवशी हेच झालं. वारा जवळजवळ शांत होता. टरेट पुन्हा शून्यावर आणून १०० ला मारलं की परत मधोमध. कधी एखादा सेंटिमीटर सरकलेलं दिसतं, मग मी एक क्लिक फिरवतो. पुढच्या खेपेला तोच क्लिक उलटा फिरवावा लागतो.

चार क्लिक वर आणि तीन डावीकडे घेतले की ४०० चं काम भागेल, हे मला कळतं. पण मग ३०० ला काय करायचं? ५०० ला काय? मी शिकारीसाठी तयारी करतोय. कागदावर चुकलं तर दुसरी गोळी मारता येते, जनावर मात्र जखमी होऊन झाडीत निघून जातं. कारण समजल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलंय.

कोरडी_सावली

‘जवळजवळ शांत’ म्हणजे किती? या गोळीला ४०० मीटरवर सेकंदाला १ मीटरची आडवी झुळूकसुद्धा आठेक सें.मी. ढकलते, आणि तेवढा वारा चेहऱ्याला जेमतेम जाणवतो. तुमच्या जागी वारा नव्हता म्हणून दरीच्या मध्यावर नव्हता असं होत नाही. स्कोपचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणून उन्हाच्या झळा कुठे वाहताहेत ते बघा. झळा उभ्या उठत असतील तर वारा नाही किंवा तुमच्या रेषेतच आहे, तिरक्या पळत असतील तर आडवा आहे.

मी आधी वाऱ्यावरच संशय घेईन.

गणिती

वाऱ्याने उजवीकडचं समजेल, खालचं समजणार नाही. शिवाय तीन दिवस एकाच बाजूचा आणि तेवढ्याच जोराचा वारा मिळणं अवघड आहे. मी या दोन चुका वेगळ्या धरतो. त्यांची कारणंही बहुधा वेगळी निघतील.

रानवाटा, चार प्रश्न:

१) अ‍ॅपमध्ये टाकलेला गोळीचा वेग कुठून आणला?
२) बीसी जी१ मध्ये टाकला की जी७ मध्ये?
३) स्कोप सरळ आहे हे बंदूक धरल्यावर कशावरून ठरवता?
४) १०० मीटर हे अंतर कोणी मोजलं?

दुसऱ्या प्रश्नाबद्दल नव्या वाचकांसाठी थोडं. बीसी म्हणजे हवा गोळीला किती अडवते ते सांगणारा आकडा, तो एका नमुना-गोळीशी तुलना करून काढतात. जी१ ची नमुना-गोळी बुटकी, सपाट बुडाची असते. जी७ ची लांब, मागे निमुळती होत गेलेली. यातला ‘जी’ फ्रान्समधल्या गाव्र इथे तोफगोळ्यांच्या चाचण्या घेणाऱ्या आयोगावरून आलाय. १७५ ग्रेनच्या मॅच गोळीचा जी१ आकडा ०.५ च्या आसपास असतो, जी७ त्याच्या साधारण निम्मा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात गेला की पुढचं सगळं कोष्टक बिघडतं.

भिंगवाला

उत्तरं येईपर्यंत माझी एक विनंती: टरेटला हात लावू नका. रोजचा तो एक क्लिकसुद्धा नको.

स्कोपचं काम खालून वर करत जायचं असतं. आधी बेसचे (रायफलीवरच्या बैठकीचे) स्क्रू, मग रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या), मग डोळा, मग पॅरॅलॅक्स, आणि सगळ्यात शेवटी टरेट. आपण करतो नेमकं उलटं, कारण टरेट बाहेर दिसतो आणि फिरवला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी स्वतः एकदा पूर्ण दिवस आणि चाळीस गोळ्या झिरोच्या मागे धावण्यात घालवल्या. संध्याकाळी बेसचा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. त्या दिवसापासून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा पाना) पिशवीत असतो. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक बनवणारे २ न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात, पण आपल्या रिंगेबरोबर आलेला कागद काय म्हणतो तेच खरं. जास्त आवळलं तर नळकांडं दबतं आणि आतली यंत्रणा अडकते. मग क्लिक वाजतो, पण आतलं काही हलत नाही.

डोळ्याबद्दल. मागच्या भिंगाची कड फिरवून रेटिकल आपल्या नजरेला स्वच्छ करून घ्यायचं असतं. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा. सूर्याकडे चुकूनही नको. एक-दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, थोडं फिरवायचं, पुन्हा बघायचं. टक लावून बसलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते. हे एकदा झालं की ती कड पुन्हा हलवायची नाही.

मग पॅरॅलॅक्स. बंदूक पिशव्यांवर अशी टेकवा की तिला हात न लावता रेटिकल लक्ष्यावर राहील. आता डोकं थोडं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसलं तर पॅरॅलॅक्स शिल्लक आहे. बाजूचा नॉब ते सरकणं थांबेपर्यंत फिरवायचा. नॉबवर छापलेले मीटर अंदाजापुरते असतात, १०० लिहिलंय म्हणून १०० ला बरोबर असेलच असं नाही. ज्यांच्या स्कोपला हा नॉब नाही त्यांचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच एका अंतराला बांधलेला असतो, शिकारीच्या स्कोपमध्ये बहुधा १०० ते १५० च्या दरम्यान. तिथे गाल दरवेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवणं हाच उपाय.

बंदूक रिकामी आहे हे बोल्ट काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. उत्तरं:

वेग काडतुसांच्या डब्यावरचा, सेकंदाला ७९० मीटर. बीसी जी७ मध्ये आणि जी७ चाच, पुन्हा तपासला. सरळपणा बघायला रायफलीच्या रेलवर (वरच्या पट्टीवर) छोटी पाणसळ बसवली आहे, बुडबुडा मध्ये आल्याशिवाय मी ट्रिगरला बोट लावत नाही. १०० मीटर म्हणजे मैदानावर जिथे ‘१००’ ची पाटी आहे तिथे.

कोरडी_सावली, तुमचा मुद्दा मनात ठेवून वही पाहिली. पहिल्या दिवशी झुळूक डावीकडून होती, तिसऱ्या दिवशी उजवीकडून. तरी घोळका उजवीकडेच.

भिंगवाला दादा, बेसचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. रिंगांच्या बाबतीत एक गोष्ट दिसली: टोपी आणि खालचा भाग यांच्यातली फट डाव्या बाजूला जवळजवळ बंद आहे आणि उजव्या बाजूला चांगली दीडेक मि.मी. आहे.

भिंगवाला

सापडलं, निदान अर्धं तरी. एका बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले की टोपी स्कोपला आपल्याबरोबर फिरवते. हाताने सरळ लावलेला स्कोप आवळताना तीन-चार अंश कलंडतो आणि लावणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

गणिती

आणि पाणसळ रेलवर आहे. म्हणजे बुडबुडा सांगतोय की रायफल सरळ आहे. स्कोप सरळ आहे असं तो कुठे सांगतोय?

समजा स्कोप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ४ अंश कलंडलाय. तुम्ही २.८ मिल ‘वर’ फिरवता, म्हणजे ४०० मीटरला ११२ सें.मी. पण हे ‘वर’ स्कोपच्या दृष्टीने वर आहे, जमिनीच्या दृष्टीने वर-आणि-उजवीकडे आहे. ४ अंशांचा साइन ०.०७. ११२ गुणिले ०.०७ म्हणजे जवळजवळ ८ सें.मी. उजवीकडे. १०० मीटरला तुम्ही काहीच फिरवत नाही, म्हणून तिथे चूक दिसत नाही. जितकं जास्त फिरवाल तितकी ती वाढणार.

उरलेले ३-४ सें.मी. गोळीच्या स्वतःच्या फिरण्याचे. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी हळूहळू उजवीकडे सरकते. या वेगाला आणि ४०० मीटरला ते तेवढंच भरतं. ८ आणि ३.५ मिळून साडेअकरा. तुम्ही लिहिलंय ११ ते १२.

आता खालचं. डब्यावरचा वेग सहसा लांब चाचणी-नळीतून मोजलेला असतो, ६१ सें.मी. वगैरे. तुमची नळी ५१ ची. १० सें.मी. कमी म्हणजे या काडतुसात सेकंदाला ३० मीटरपर्यंत फरक पडू शकतो. त्यात ४०० मीटरला दहा सें.मी. जातात. क्रोनोग्राफ मिळवून मोजा, निदान दहा गोळ्या.

तरी चारेक सें.मी. राहतात. ते टरेटचे असू शकतात. ‘०.१ मिल’ असं कोरलेला क्लिक खरोखर ०.१ मिलचाच असतो असं धरून चालू नका. त्यासाठी उंच कागदाची चाचणी करा.

मीटरभर उंचीचा कागद लावा. ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारा. नजरेने किंवा कागदाच्या कडेच्या आधाराने मारलेली चालणार नाही. रेघेच्या तळाशी एक ठिपका. १०० मीटरवरून, टरेट शून्यावर ठेवून ठिपक्यावर पाच गोळ्या. मग ६ मिल वर फिरवा आणि नेम त्याच ठिपक्यावर ठेवून पाच गोळ्या. पुन्हा शून्यावर येऊन पाच. वरच्या घोळक्याचा मध्य खालच्यापासून ६० सें.मी. वर आणि रेघेवर यायला हवा. शेवटचा घोळका पहिल्यावरच पडायला हवा.

आणि अंतर टेपने मोजा. पाटीवर जाऊ नका. कुठे कुठे १०० ची पाटी यार्डाची असते, आणि १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ते न तपासता चाचणी केली तर चांगल्या स्कोपवर साडेआठ टक्क्यांचा आळ येईल.

माळरान

एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण त्याकडे कोणी वळलं नाही. तो रोजचा ‘एक क्लिक’.

पाच गोळ्यांचा घोळका ३ सें.मी. म्हणजे एकेक गोळी आडव्या आणि उभ्या दिशेला साधारण एकेक सेंटिमीटर भटकते. मग पाच गोळ्यांचा मध्य स्वतःच जवळजवळ अर्धा सें.मी. भटकतो. तीन गोळ्यांचा ०.६. तुमचा क्लिक १०० मीटरला १ सें.मी.चा. म्हणजे जे सरकणं तुम्ही दुरुस्त करताय ते बऱ्याचदा सरकणं नसतंच, ती गोळ्यांची नेहमीची विखुरणी असते. आज एक क्लिक डावीकडे, परवा एक उजवीकडे. दरवेळी तुम्ही खऱ्या झिरोपासून दूर जाण्याचीच शक्यता जास्त.

झिरो दहा गोळ्यांवर करा. एकाच बैठकीत सलग नको, नळी तापते. पाच-पाच करून दोन कागद एकावर एक ठेवून टोचा, मध्य काढा, तेवढेच क्लिक फिरवा आणि टरेटची टोपी सैल करून शून्यावर बसवा. त्यानंतर दहा गोळ्यांचा पुरावा हातात असल्याशिवाय झिरोला हात लावायचा नाही.

बाकी एक सांगतो, कोणाला पटो न पटो. २०० मीटरच्या आतल्या शिकारीसाठी हे सगळं लागत नाही. ३०८ चा झिरो १७०-१८० मीटरच्या आसपास ठेवला की गोळी २०० पर्यंत नेमाच्या काही बोटं वर-खाली राहते. टरेटवर टोपी घालून विसरून जावं. घाईच्या वेळी २८ क्लिक मोजणारा माणूस सावजाकडे बघत नसतो.

कोरडी_सावली

माळरान, झिरोबद्दल शंभर टक्के अनुमोदन. टोपी घालून विसरण्याबद्दल मात्र अर्धंच. मोकळ्या डोंगरउतारावर सावजापर्यंत ३०० च्या आत पोचताच येत नाही असे प्रसंग असतात. तिथे ‘अंदाजाने जरा वर धरतो’ म्हणणाऱ्यापेक्षा मोजून फिरवणारा बरा. न मारता परत येणारा त्याहून बरा, हे आहेच.

नवखी_नेमबाज

वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न, अगदी प्राथमिक असतील तर माफ करा.

माझ्या स्कोपचं रेटिकल मिलमध्ये आहे पण टरेटवर ‘१/४ एमओए’ लिहिलंय. क्लबच्या सरावात रेटिकलने मोजलेली चूक टरेटवर घेतली की दुरुस्त व्हायच्या ऐवजी थोडीच सुधारते. आणि दुसरं, ८ पटीवर रेटिकलच्या खुणा वापरून नेम धरला तर गोळी फारच वर जाते, १६ पटीवर बरोबर बसते. स्कोप खराब आहे का?

भिंगवाला

ताई, स्कोप उत्तम आहे. दोन्ही गोष्टी त्याच्या बनावटीतच आहेत.

मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरला १० सें.मी., ४०० ला ४० सें.मी. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरला २.९ सें.मी. एका मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात. म्हणजे रेटिकलवर १ मिल चूक दिसली तर तुमच्या टरेटवर जवळजवळ १४ क्लिक लागतील. तुम्ही बहुधा १० घेत असाल.

दुसरं. तुमचं रेटिकल दुसऱ्या प्रतलात आहे. पट बदलला की चित्र लहान-मोठं होतं, रेटिकल तेवढंच राहतं. म्हणून खुणांचं माप एकाच पटीवर खरं असतं, बहुतेक स्कोपमध्ये सगळ्यात मोठ्या. १६ वर जी खूण १ मिल, ती ८ वर २ मिल होते. तुम्ही ८ वर दुप्पट वर धरत होता. पहिल्या प्रतलातल्या रेटिकलला ही अडचण नसते. ते चित्राबरोबर वाढतं-घटतं, पण लहान पटीवर रेघा इतक्या बारीक होतात की संधिप्रकाशात दिसेनाशा होतात. टरेटचे क्लिक मात्र दोन्ही प्रकारांत पट कोणताही असला तरी तेच राहतात.

रानवाटा

आठ दिवसांनी येतोय, पण कागद घेऊन आलोय.

आधी टेप. ‘१००’ ची पाटी नेमबाजाच्या ओट्यापासून ९९ मीटरवर निघाली.

उंच कागद, ओळंब्याची रेघ, रेलवरच्या पाणसळीचा बुडबुडा मध्ये ठेवून मारलेल्या गोळ्या. ६ मिल वर घेतल्यावर घोळक्याचा मध्य ५७.६ सें.मी. वर चढला आणि रेघेच्या ४ सें.मी. उजवीकडे गेला. शून्यावर परत आल्यावर शेवटचा घोळका पहिल्यावर बरोबर बसला, म्हणजे टरेट परतताना प्रामाणिक आहे.

आधी वाटलं की ४ टक्के कमी. पण ९९ मीटरला ६ मिल म्हणजे ५९.४ सें.मी. ५७.६ भागिले ५९.४ बरोबर ०.९७. म्हणजे टरेट ३ टक्के कमी चढतो. टेप लावला नसता तर एक टक्का उगाच स्कोपच्या माथी मारला असता.

क्रोनोग्राफ एका मित्राकडून आणला. दहा गोळ्यांची सरासरी ७५८ मीटर प्रति सेकंद. सगळ्यात हळू ७५०, सगळ्यात जलद ७६७. डब्यावर ७९०!

रेघेपासून ४ सें.मी. उजवीकडे गेलेला तो घोळका पाहिला तेव्हा मी बराच वेळ कागदासमोरच उभा राहिलो. ज्या बुडबुड्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवला त्यानेच तीन आठवडे फिरवलं. बुडबुडा खोटं बोलत नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

गणिती

काय सुंदर जुळलंय! ६० सें.मी.ला ४ अंश म्हणजे ४.२ सें.मी. तुमचे ४ आले.

आता स्कोप सरळ केल्याशिवाय पुढची एकही गोळी मारू नका. आणि ०.९७ हा आकडा अ‍ॅपमध्ये टाकायची सोय असते, तिथे भरा. नसेल तर कोष्टकातल्या मिलला ०.९७ ने भागून घ्या.

भिंगवाला

सरळ कसं करायचं ते सांगतो. अंगण असो वा मैदान, २५-३० मीटर जागा पुरते.

ओळंबा टांगा. जाडसर पांढरी दोरी, खाली वजन, वजन पाण्याच्या बादलीत सोडलं तर हेलकावे थांबतात. बोल्ट काढलेली रायफल स्टँडमध्ये किंवा पिशव्यांत घट्ट बसवा आणि पाणसळीने सरळ करा. आता रिंगा सैल करून स्कोप फिरवा, रेटिकलची उभी रेघ दोरीवर येईपर्यंत. मग आवळायला घ्या: एक स्क्रू पाव फेरा, मग समोरचा पाव फेरा, मग दुसऱ्या रिंगेचा. दर फेऱ्यानंतर दोरीकडे बघा. रेघ दोरीवरून ढळली की मागे या. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. घाई केली तर पुन्हा तेच चार अंश पदरात पडतील.

आवळून झाल्यावर टरेट पूर्ण वर नेऊन खाली आणा. रेटिकलचा मध्य दोरीला धरून चढला-उतरला तर रेटिकल आणि टरेट एका रेषेत आहेत. दोरीपासून तिरकं गेलं तर रेटिकलच आत वाकडं बसलंय, आणि मग दोरी टरेटच्या चालीशी जुळवायची, रेघेशी नाही. याच जागी दोरीमागे मोठी पट्टी लावली तर गोळी न मारताही क्लिकचं माप तपासता येतं.

शेवटी आणखी एक छोटी पाणसळ स्कोपच्या नळकांड्यावरच बसवा, ओळंब्याशी जुळवून. रेलवरची काढून टाकली तरी चालेल.

हे करताना पुढे-मागेही बघून घ्या. सगळ्यात मोठ्या पटीवर गाल सहज टेकवल्यावर काळी कड न दिसता पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. डोळा आणि भिंग यांच्यात ८-९ सें.मी. तरी अंतर हवं. कमी ठेवलं तर ३०८ चा धक्का भुवईवर खूण ठेवून जातो.

रानवाटा

झालं.

ओळंबा, बादली, पाव-पाव फेरा, सगळं तसंच केलं. तीनदा परत सैल करावं लागलं. टरेट दोरी धरून सरळ चढतो, म्हणजे रेटिकल आत नीट आहे. झिरो दहा गोळ्यांवर केला, टोपी शून्यावर बसवली आणि माळरान म्हणाले तसं त्यानंतर हात लावला नाही.

७५८ चा वेग टाकल्यावर अ‍ॅप ४०० साठी ३.०७ मिल सांगतं. ०.९७ ने भागलं की ३.१६, म्हणून ३.२ फिरवले. पिळाच्या सरकण्यासाठी ०.१ डावीकडे. दोन सकाळी मिळून दहा गोळ्या. मध्य नेमाच्या १ सें.मी. वर आणि २ सें.मी. डावीकडे.

मग ३०० ला पाच मारल्या. तिथेही कोष्टक जुळलं. हेच हवं होतं मला. चार क्लिक वर आणि तीन डावीकडे करून गप्प बसलो असतो तर ४०० सोडून कुठेच बसली नसती.

कोरडी_सावली

वाऱ्यावरचा आळ मागे घेतो. :)

डोंगरात जाणार असाल तर दोन गोष्टी आधीच करून ठेवा. चढ-उतारावर गोळीच्या पडण्याला आडवं अंतर लागू होतं. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर ४०० दाखवत असेल तर हिशेब साधारण ३४६ चा करायचा. वर मारा की खाली, न करता मारलं तर गोळी वरूनच जाते. बरेच रेंजफाइंडर हे आपोआप करून दाखवतात, पण कोणता आकडा स्क्रीनवर आहे हे घरीच बघून ठेवा.

दुसरं म्हणजे हवेचा दाब. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीच्या हिशेबाने दाखवलेला असतो, १०१३ च्या आसपास. १५०० मीटर उंचीवर खरा दाब ८४५ हेक्टोपास्कलच्या जवळ असतो आणि हवा सात भागांत एक भाग विरळ असते. बॅलिस्टिक अ‍ॅप खरा, जागेवरचा दाब मागत असेल आणि तुम्ही १०१३ टाकलात तर ते जास्त मिल सांगेल. गोळी वर जाईल.

माळरान

आता शेवटचं एक काम, आणि शिकाऱ्यासाठी मला तेच मोठं वाटतं. हे सगळे घोळके तुम्ही बसून, पिशवीवर, चार-पाच गोळ्या मारल्यावर काढलेत. रानात मात्र पहिली गोळी थंड नळीतून जाते, आणि तीच महत्त्वाची.

एक कागद जपून ठेवा. मैदानावर गेलात की सर्वात आधी त्याच कागदावर एक गोळी, ज्या बैठकीत शिकारीत मारणार त्या बैठकीतून. गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर, जशी असेल तशी. मग कागद गुंडाळून ठेवा आणि बाकीचा सराव करा. आठ-दहा खेपांनी त्या कागदावर जे दिसेल ते तुमचं खरं माप.

नवखी_नेमबाज

माळरान काका, हा कागद कितीवर लावायचा? आणि नळी साफ केलेली असावी की नसावी?

माळरान

ताई, १०० वर लावा, त्या अंतरावर वारा मध्ये येत नाही. नळी जशी शिकारीला नेणार तशी. मी स्वतः साफ करून दोन-तीन गोळ्या मारून मगच नेतो, कारण तेलाचा थर असलेल्या नळीतली पहिली गोळी बऱ्याचदा वेगळीकडे जाते. तुम्ही साफ नळी घेऊन जाणार असाल तर साफ नळीचा कागद करा. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका.

रानवाटा

माळरान, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच आठवड्यात कागद सुरू केला. सात खेपा झाल्या. गुडघ्यावर बसून, काठ्यांच्या टेकूवर, थंड नळी. सात छिद्रं ११ सें.मी.च्या वर्तुळात आहेत. ओट्यावर पिशवीवरून ३ सें.मी.

स्कोप आता ४०० ला बसतोय, पण या कागदाप्रमाणे मी त्या बैठकीतून ४०० ला बसत नाही. ११ सें.मी. चौपट केलं की ४४ होतात. म्हणून या हंगामात काठ्यांवरून १५० च्या पुढे मारणार नाही, आणि पाठपिशवीवर झोपून मारायला जागा मिळाली तर ३००. झोपून मारायचा वेगळा कागद कालपासून लावलाय, त्यावर अजून एकच छिद्र आहे.